तानुबाईंचा पाट

धुरी दिलेला सॅल्मन मासा आणि बेगल नावाचे मधे भोक असलेले पाव घेऊन काजल पुण्याहून मलकापूरला माहेरी आली होती. आई, तानुबाई, गेल्यापासून वडील, उकंडराव, ओट्याशी उभ्यानंच जेवत. आज त्यांना बसवून खाऊ घालायचंच, असा तिचा हट्ट होता.

"बाबा, सगळं एकत्र मांडाले मोठी फळी हाय का?"

उकंडरावांनी तानुबाईंचा पाट पुसून आणला.

"बाबा, पाटावर माणूस बसते!"

"आता कोन बसते?"

पाटावर केळीचं पान अंथरून काजलनं पाव, मासा, कांदा, काकडी मांडली. उकंडराव खाली बसले. सवयीनं शेजारी एका पाटाची जागा सोडून.

"चांगलं लागते का, बाबा?"

"हाव," ते म्हणाले.