भांगेचं पांघरूण

"ही कोणाची?" रंगाच्या टेबलाखाली सापडलेली गोळ्यांची पट्टी विजयाताईंनी दोन बोटांत धरली होती, मेलेली पाल धरावी तशी.

उज्जैनजवळच्या भैरवगढच्या त्यांच्या चादरछपाईच्या कारखान्यात सगळ्यांचे लाकडी ठप्पे हवेतच थांबले. शैलेंद्रचा मात्र चादरीवर पडला, ओळीत, केसभरही न हलता.

"माझी," तो म्हणाला.

"बीपीची?"

"नाही ताई. डोक्याची."

चार वर्षं तो सकाळी अकरापर्यंत जडावलेला असे. तो या गोळीचा अंमल. पण उज्जैनात जडावलेल्या माणसाची चौकशी करत नाहीत, त्याला नमस्कार करतात. शेजारच्या टेबलावरच्या वसंतने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं, "भैया भांग घेतात. भोलेचे भक्त!" शैलेंद्र गप्प राहिला आणि त्याची पत वाढली. वसंत स्वतः तर एवढा थोर भक्त, की एकदा तारेत त्याने एकोणीस चादरींवर मोर उलटे छापले. ताईंनी त्या 'नवी डिझाइन' म्हणून विकल्या, आणि इंदूरच्या एका बाईंनी म्हणे सुलट्या मोरांच्या चादरी परत पाठवल्या.

"मतलब, भांग नाही?" वसंतचा आवाज चिरकला.

"आयुष्यात शिवलो नाही."

इथेच घात झाला.

"चार साल बेवकूफ बनवलं आम्हाला! ताई, हा ठप्पा शिसवीचा आहे. कोणाच्या डोक्यात घातला तर?"

"चार वर्षांत घातला का रे?" शैलेंद्रने विचारलं.

"तेच तर! म्हणजे आता कधीही घालशील."

ताईंनी पट्टी टेबलावर ठेवून पदराला बोटं पुसली. "हे बघ शैलेंद्र, माझं काही म्हणणं नाही. परवाच समाजाच्या हॉलात मानसिक आरोग्यावर व्याख्यान झालं, अध्यक्ष मीच होते. पण इथे बायका काम करतात, गिऱ्हाईकं येतात. तू आधी बरा हो."

"या गोळीनेच तर बरा आहे, ताई."

"मग सोडून दाखव. सहा महिने गोळीशिवाय राहा, मग ये. जागा कुठे पळून जातेय?"

गोळी सोडली की सहाव्या आठवड्यात काय होतं, ते त्याने एकदा पाहिलं होतं. त्याच्या बायकोने, मीनाने, जास्त पाहिलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "ही चादर पुरी करू? अर्ध्यावर हात बदलला तर सांधा दिसतो."

ताईंनी होकारार्थी मान हलवली. तो छापत राहिला. बायका रंगाच्या थाळ्या उचलून पार भिंतीपाशी जाऊन बसल्या. शेवटचा मोर उठला तेव्हा त्याने ठप्पा धुतला, नक्षीतला रंग ब्रशने काढला आणि मूठ वसंतकडे करून पुढे धरला.

वसंतने हात पुढे केला नाही. शैलेंद्रने ठप्पा जमिनीवर ठेवला. तो मागे सरल्यावर वसंतने पायाने तो स्वतःकडे ओढून घेतला.

दसऱ्याला इथे ठप्प्यांना हळदकुंकू वाहतात.

शैलेंद्र परत आला, वाकला. ठप्पा उचलून त्याने कपाळाला लावला, फळीवर त्याच्या जागी ठेवला आणि शेजारचे दोन तिरके झाले होते, तेही सरळ केले.