आधी नुसतं चालवून बघा

मी एक पेनड्राइव्ह. अंगठ्याएवढा जीव, टोपण केव्हाच हरवलेलं, आणि कपाळावर एक बारीकसा दिवा. तोंड मात्र नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट बारा दिवसांचं दुःख तेवढंच आहे: मला सगळं कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

जन्म कारखान्यातला. कुठल्याशा परिषदेत मला फुकट वाटलं गेलं, आणि फुकटच्या वस्तूचं जे होतं तेच माझं झालं. एकाच्या खिशातून धुण्यात गेलो, वाळलो, वाचलो. मग माझ्यात कुणाच्या लग्नाचे फोटो आले, ते जाऊन कुणाच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आलं. प्रबंध पुरा झाला की नाही, देव जाणे. तो माणूस मला ग्रंथालयाच्या टेबलावर विसरून गेला तो गेलाच.

ग्रंथपालबाईंनी वर्षभर त्याची वाट पाहिली. मग एक दिवस मला पार पुसलं आणि माझ्यात एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम भरली, लिनक्सच्या घराण्यातली. हजारो माणसांनी मिळून केलेली, कुणीही आतून उघडून बघावी, कुणीही घ्यावी, दुसऱ्याला द्यावी अशी. ज्यांचे कॉम्प्युटर जुने झाले म्हणून कंपन्यांनी वाऱ्यावर सोडले, त्यांच्याकडे बाई मला पाठवायच्या. मी एकदम भाव खाऊ लागलो. इतकी वर्षं लोकांचं ओझं वाहिलं होतं, आता मी कुणाचा तरी कॉम्प्युटर जिवंत करत होतो.

असाच एका सोमवारी मी त्या भावाबहिणीच्या घरी गेलो.

भाऊ म्हणजे दादा. एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेला. त्याच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि येत्या शुक्रवारी स्वरयंत्रच काढून टाकायचं ठरलं होतं. पुन्हा बोलणं नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक मार्ग सांगितला होता: आवाज आहे तोवर रोज लागणारी दोनशे वाक्यं स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर भरून ठेवा. मग हव्या त्या वाक्यावर टिचकी मारायची की कॉम्प्युटर तुमच्या आवाजात बोलेल.

आणि नेमका त्यांचा कॉम्प्युटर दर तिसऱ्या वाक्याला गोठून बसत होता. सुरू व्हायलाच वीस मिनिटं घ्यायचा. म्हणून धाकट्या बहिणीने ग्रंथालय गाठलं होतं.

ही धाकटी शाळेच्या कार्यालयातून नुकतीच निवृत्त झालेली. कामाला वाघ, पण तिला एक खोड होती. पडद्यावर चौकट आली की ती न वाचता बंद करायची. दादा म्हणायचा, "अगं छोटे, काय लिहिलंय ते वाच तरी!" ती म्हणायची, "बावीस वर्षं कॉम्प्युटरवर काढलीत मी. सगळ्या चौकटींत एकच असतं, पुढे जा."

दादाचं अगदी उलट. समोर आलेला कागद अक्षर न अक्षर वाचायचा, हीच तर त्याची नोकरी होती. औषधाच्या खोक्यावरचं बारीक अक्षरसुद्धा तो मोठ्याने वाचून काढायचा.

"फुकट आहे म्हणता?" धाकटीने ग्रंथपालबाईंना विचारलं होतं. "मग यात मेख काय?"

"काही मेख नाही हो. आधी नुसतं चालवून बघा. तुमचं जुनं काही बिघडत नाही. आवडलं तर मग बसवून घ्या," बाई एका दमात म्हणाल्या आणि रांगेतल्या पुढच्या वाचकाकडे वळल्या.

मेख होती. 'चालवून बघा' म्हणजे सिस्टिम माझ्यातूनच चालणार, आणि तुम्ही जे काम कराल ते कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत राहणार. ही मेमरी विजेच्या जिवावर जगते. कॉम्प्युटर बंद झाला की तिला काही म्हणजे काही आठवत नाही. 'बसवलं' तरच सगळं डिस्कवर कायमचं उतरतं.

हे सांगणारी चौकट पहिल्याच मिनिटाला पडद्यावर आली. ठळक अक्षरांत. धाकटीने ती बंद केली.

पुढे पाहते तर काय, कॉम्प्युटर एका मिनिटात सुरू झालेला, बाण सरसर फिरतोय, माइक लागतोय. "दादा, झालं रे!" ती आनंदाने ओरडली. तिच्या मते सिस्टिम बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यात 'बसवा' असं लिहिलेलं चित्र होतं. ते आपलं असेल काहीतरी, म्हणून तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

मंगळवारी सकाळी काम सुरू झालं. दादाने घसा खाकरला आणि सरावासाठी पाण्याचं एक वाक्य वाचलं. भारदस्त, लांबवलेलं, शेवटचा शब्द वर उचललेला.

"अरे दादा, तू पाणी मागतोयस, गाडी सोडत नाहीयेस!"

दोघंही हसत सुटले. घरातला आवाज काढायला त्याला अर्धा दिवस लागला. मग मात्र वाक्यं येत गेली. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी घाईची: थांब, दुखतंय, डॉक्टरांना बोलाव. मग रोजची: खिडकी लाव. चहा टाक. नको म्हटलं ना. तुझं आपलं काहीतरीच.

एकेक वाक्य त्या तात्पुरत्या मेमरीत उतरत होतं. वाक्यं माझ्यात येत नव्हती हो, मला तर नवं काही लिहून घ्यायला कुलूप घातलेलं! मी नुसता दिवा लुकलुकवत होतो. जीव तोडून लुकलुकवत होतो. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतो म्हणून कोण घाबरतं?

गुरुवारी संध्याकाळी दोनशे वाक्यं पुरी झाली. दादाचा आवाज बसला होता. "पुरे आता," तो म्हणाला. शुक्रवारी सकाळी दोघं दवाखान्यात गेली.

कॉम्प्युटर चालूच राहिला. त्या घराची ती सवयच होती. पूर्वी वीस मिनिटं वाट पाहावी लागायची, म्हणून धाकटी फक्त पडदा बंद करायची. त्या आळसावर दोनशे वाक्यं तगून होती.

रिकाम्या घरात मी दिवस मोजत राहिलो. वीज जाऊ नये एवढीच माझी इच्छा. वीज गेल्यावर कॉम्प्युटर तगवणारा बॅटरीचा डबा टेबलाखाली होता, पण तो केव्हाच मेलेला. एका दुपारी शेजारच्या खोलीतला फ्रिज एकाएकी गप्प झाला आणि माझा थरकाप उडाला. तो आपल्या नेहमीच्या विश्रांतीला थांबला होता.

मधेच एकदा धाकटी कपडे न्यायला आली. डोळे सुजलेले. शस्त्रक्रिया नीट झाली होती, हे तिच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळलं. टेबलापाशी आली, मला पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा ग्रंथपालबाईंना परत द्यायचा राहिलाच की." दोन बोटांत तिने मला धरलं. मी अर्धवट सैल झालो. मला उपटलं असतं तर चालू सिस्टिमच्या पायाखालची जमीन गेली असती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, औषधं आणायला सांगणारा. तिने मला सोडलं आणि पळाली. त्या दिवशी मी किती घाबरलो होतो, ते आज सांगतोय.

शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी दादा घरी आला. गळ्याला पट्टी, हातात पाटी. शिणलेला होता, दिवसभर झोपूनच असायचा. धाकटी त्याला म्हणायची, "दम धर. जरा बरं वाटू दे, मग तुझी वाक्यं लावू." बाराव्या दिवशी सकाळी ती त्याला धरून टेबलापाशी घेऊन आली. पडदा चालू केला, वाक्यांची यादी उघडली, आवाज पुरा वाढवला. आता तो पहिली टिचकी मारणार, इतक्यात दारावरची घंटा वाजली.

वायरमन होता. जिन्याखालची मेन स्विचची पेटी तडकली होती, ती बदलायला धाकटीनेच त्याला बोलावलं होतं. "ताई, दहा मिनिटं वीज बंद करावी लागेल."

"करा की. थांबा हं, आधी कॉम्प्युटर नीट बंद करते. नाहीतर बिघडायचा."

कारकून होती ना, शिस्तीची! तिने 'बंद करा'वर टिचकी मारली. चौकट आली. ती वाचायच्या आत ही जिन्याकडे वळलेलीसुद्धा.

चौकटीत लिहिलं होतं: 'तुम्ही ही सिस्टिम चाचणीसाठी चालवत आहात. बंद केल्यावर यातलं काम राहणार नाही. साठ सेकंदांत आपोआप बंद होईल.' आणि खाली आकडे उतरत होते. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

दादाने वाचलं. अक्षर न अक्षर वाचलं, सवयीप्रमाणे. मग पुन्हा एकदा वाचलं. चाळीस. एकोणचाळीस. त्याची नजर कोपऱ्यातल्या 'बसवा'वर गेली आणि चेहऱ्याचा रंगच उडाला. त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. बाण 'रद्द करा'च्या इकडे-तिकडे घसरत होता. तेवीस. बावीस. टिचकी बसली आणि चौकट गेली.

पण जिन्यातून आवाज आला, "ताई, करू का बंद?"

"हो हो, कॉम्प्युटर झाला बंद. करा!"

दादा उठायला गेला आणि पुन्हा खुर्चीत कोसळला. टेबलावर थाप मारली, पण अशक्त हाताची थाप ती, खोलीबाहेरही गेली नसेल. मी काय करणार? मला त्या माणसाची अवस्था पुरेपूर कळत होती. बारा दिवस मी तीच भोगत होतो.

मग त्याने मान वर केली आणि यादीतल्या पहिल्या वाक्यावर बाण नेऊन टिचकी मारली.

"थांब!"

सगळं घर दणाणलं. बसस्थानकावरचा आवाज होता तो. हे एक वाक्य काही केल्या त्याला घरगुती आवाजात जमलं नव्हतं. "थांब! थांब! थांब!" तो टिचक्या मारत राहिला.

वायरमनचा हात मेनवरच राहिला. धाकटी धावत आली आणि दारातच खिळली. बारा दिवसांनी भावाचा आवाज ऐकत होती ती. दादाने घाईघाईत पाटीवर लिहिलं: 'बसलेलं नाही. वीज गेली की सगळं पुसणार.'

वायरमन बिचारा जिन्यात बसून राहिला. धाकटीने फोन केला तशा ग्रंथपालबाई रिक्षाने आल्या. आधी दोनशेच्या दोनशे वाक्यं जुन्या डिस्कवर उतरवली, आणखी एक प्रत धाकटीच्या फोनवर घेतली, आणि मग कुठे सिस्टिम बसवायला घेतली. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "एका दमात सांगून मोकळी झाले मी." या वेळी प्रत्येक चौकट धाकटीने मोठ्याने वाचली, आणि ती 'पुढे जा'वर पोचली की आधी दादाकडे बघायची.

बाई आणि वायरमन गेल्यावर ती खुर्चीच्या दांड्याला धरून रडायला लागली. "मी घालवला असता रे तुझा आवाज. माझ्याच हाताने घालवला असता."

दादा यादी शोधू लागला. वरून खाली, पुन्हा खालून वर. काय शोधतोय ते मला कळलं. तिची समजूत घालणारं वाक्य त्या दोनशेंत नव्हतं. गुरुवारपर्यंत त्यांना त्याची गरजच पडली नव्हती. पाटीकडे त्याने पाहिलं, पण घेतली नाही. शेवटी त्याने एका वाक्यावर टिचकी मारली.

"चहा टाक," कॉम्प्युटर त्याच्या आवाजात म्हणाला. अगदी घरातल्या.

ती रडता रडता हसली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथून ओरडली, "साखर किती?"

"तुझं आपलं काहीतरीच," तो म्हणाला.

मी आता पुन्हा ग्रंथपालबाईंच्या टेबलावर आहे. माझ्या गळ्यात दोऱ्याने एक कागद बांधलाय, बाईंच्या अक्षरात: 'बंद करण्यापूर्वी बसवा.' उद्या कुणाच्या घरी जाणार ते ठाऊक नाही, कदाचित तुमच्याच. आलो तर खुशाल चालवून बघा, मी आहे. फक्त पहिली चौकट आली की क्षणभर थांबा आणि वाचा. मला ओरडता येत नाही.