घाणेरीचा कोंब

दिवसभर घाणेरी मारायची आणि संध्याकाळी तिच्यातलीच एखादी जगवायला घरी आणायची, असा तिचा दुहेरी कारभार चालला होता. शहरामागच्या टेकडीवर या झुडपाने असं बस्तान बसवलं होतं की गवताच्या काडीलाही पाय ठेवायला जागा नव्हती. ते काढायला नेमलेल्या टोळीत ती होती. मुकादमाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की वरवर छाटलीत तर दुप्पट फुटेल. माती उकरा, खोड मुळांना मिळतं तिथे जो गड्डा असतो त्याच्या खाली कुदळ घाला आणि झुडूप उलटं करून उन्हात टाका. मग ते डोकं वर काढत नाही.

घरी सासरे होते, त्यांना ती आप्पा म्हणायची. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, पण अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहिला. नवरा जहाजावर, कधीतरी उगवणारा. आप्पांना घाणेरीच्या जून, वेड्यावाकड्या गड्ड्यांची बोन्साय करायचा नाद लागला, तेव्हा तिला हायसंच वाटलं होतं. डाव्या हाताने ते फांद्यांना तार गुंडाळायचे, पानं खुडायचे, आणि वीतभर झाड म्हातारं दिसायला लागलं की स्वतःवरच खूश व्हायचे.

पण त्यांच्यासाठी गड्डा काढणं म्हणजे सगळं उलटं काम. लांबून खणत यायचं, बारीक मुळं सांभाळायची, ओल्या गोणपाटात बांधायचं. दिवसभर कुदळ चालवून झाल्यावर हे लाड पुरवताना तिच्या नाकीनऊ यायचे.

एक दिवस तिला हवा तसा गड्डा सापडला. जोडखोडाचा, मधोमध पीळ पडलेला. ती खणायला बसली खरी, पण अंगात त्राण नव्हतं आणि हातांनी सवयीने तेच केलं जे ते दिवसभर करत होते. खट्! कुदळ गड्ड्याखालून आरपार. मुळं जमिनीत राहिली, गड्डा हातात आला. तिने स्वतःच्या हातांना मनसोक्त शिव्या घातल्या. पण रिकाम्या हाताने घरी जायचा धीर होईना, आप्पा कधीचे वाट पाहत होते. मग तिने तो तसाच नेला, स्वयंपाकघरातच कुंडीत खोल पुरला आणि वरून शेवाळ दाबलं.

"वा! काय ऐट आहे गड्याची," आप्पा म्हणाले. तिला हसता येईना.

तेव्हापासून रोज तेच. ती चपला काढते न काढते तोच हाक यायची.

"सूनबाई, कोंब आलाय का बघ गं. माझी नजर पोचत नाही."

ती खुर्चीशेजारी फतकल मारून बसायची आणि मेलेल्या लाकडावर डोळे फिरवायची.

"अजून नाही, आप्पा."

"ते खाली, वळणापाशी?"

"धूळ आहे ती."

"येईल. चिवट जात आहे. आज टोळीत काय झालं?"

मग ती सांगायची, कोणाच्या कुदळीचा दांडा मोडला, मुकादम कोणावर डाफरला. सांगता सांगता भिंतीला पाठ टेकायची. पण उठताना तो गड्डा दिसला की मनात यायचं, म्हातारा आपल्या भरवशावर लाकडाला पाणी घालतोय आणि आपण त्याला रोज फसवतोय. एवढी माती उपसून जितका जीव दमत नव्हता, तितका या एका खोट्याने दमायचा.

शेवटी एका संध्याकाळी तिला ते पेलवेना.

"आप्पा, याला कोंब येणार नाही. मुळंच नाहीत त्याला. माझ्या हातून तुटली, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

आप्पांनी डाव्या हाताने कुंडी फिरवली. भिंतीकडच्या बाजूची साल नखाने खरवडलेली होती. आतलं लाकूड कोरडं, तपकिरी होतं आणि त्या ओरखड्यावरही धूळ बसली होती.

"जन्म लाकडात गेला माझा. मेलेलं लाकूड ओळखणार नाही होय?"

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. मग राग आला.

"मग रोज मला कशाला बघायला लावलंत? हाडं खिळखिळी झाली माझी. झोप लागत नव्हती मला!"

"तुला झोप लागत नव्हती, ते नव्हतं गं ठाऊक," आप्पा ओशाळून म्हणाले. मग खिडकीतल्या हिरव्या कुंड्यांकडे हात करून म्हणाले, "ही सगळी जगली. पण त्यांच्यापाशी तू कधी बसली नाहीस. आलीस की ओट्यापाशी, मग भांडी, मग अंथरूण. याच्यापाशी बसायला लागलीस. दिवसभरात मी दुसऱ्या कोणाशी बोलतो, सांग बरं?"

तिला रडू आलं. रागही गेला नव्हता. ओट्यावर भाजी चिरायची पडली होती. कुंडीत बघण्यासारखं आता काहीच नव्हतं, तरी ती उठली नाही.

मग आप्पांनी भीतभीत विचारलं, "आज मुकादम कोणावर डाफरला?"

"माझ्यावरच," ती म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकली.