आपत्तीचा रकाना

विभावरीला आपल्या हिंदीचा भारी अभिमान होता. अमरावतीहून लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा तिला ‘पानी लाओ’ एवढंच येत होतं, आणि चार वर्षांत ती भाजीवाल्याशी भांडून जिंकू लागली होती. ज्या बाईला दुसऱ्या भाषेत भांडता येतं तिला आणखी काय शिकायचं उरतं, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

नवरा रत्नाकर तोफांच्या कारखान्यात होता. क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून दोघं शहराबाहेर सिमरखेडी गावात राहत. पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली आणि गावातल्या कच्च्या रस्त्यावरून कारखान्याचे ट्रक रात्रंदिवस धावू लागले. विमानांच्या भीतीनं त्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. रस्त्याला कड म्हणून नव्हतीच. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला खोल नाला. एका संध्याकाळी पाळीवर निघालेला रत्नाकर ट्रक चुकवताना सायकलसकट नाल्यात गेला. उजवं मनगट मोडलं. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. ते ‘थोडक्यात’ विभावरीच्या डोक्यातून जाईना.

पुढे लढाई थांबली, ट्रक काही थांबले नाहीत. प्लास्टर निघालं की हा माणूस पुन्हा त्याच रस्त्यानं जाणार, हे तिला दिसत होतं.

“तुम्ही जाऊ नका म्हटलं तर ऐकणार नाही,” ती म्हणाली. “मग मी रस्त्यालाच पाहते.”

“अच्छा? रस्ता काय तुझ्या माहेरचा आहे?” रत्नाकर हसला.

“सरकारचा आहे. म्हणूनच सरकारला मागून राहिले.”

विकासखंडाच्या कचेरीतून अशा कामांना अनुदान मिळतं, गावानं मेहनत द्यायची आणि सरकारनं खडी-मुरूम, हे तिनं कुठूनतरी काढलंच होतं. ट्रकच्या वाटेपासून वेगळी, हातभर उंच, पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट तिला हवी होती. सरपंच पटेलदादांना बेत पटला. “लिखा-पढ़ी आप ही कीजिए बहूजी,” म्हणाले, आणि सुटले.

छापील अर्ज तिनं झरझर भरला. अगदी शेवटी एक रकाना होता: ‘आपत्ति, यदि कोई हो.’ विभावरीला भरून आलं. सरकार असावं तर असं. माणसाला आपणहून विचारतं, बाबा रे, तुझ्यावर संकट काय आहे? एवढ्याशा रकान्यात सिमरखेडीची संकटं मावणार नव्हती. ती दारोदार फिरली, ‘क्या तकलीफ़ है’ विचारत गेली, आणि कागदाला कागद जोडत गेली. पटेलदादांची म्हैस ट्रकनं उडवली होती. डाकवाला गावात यायलाच तयार नव्हता. बाया डोक्यावर पाणी घेऊन नाल्याच्या काठावरून जीव मुठीत धरून चालत. शेवटी तिनं रत्नाकरचं मनगट लिहिलं. सगळ्यांनी खाली सह्या केल्या, अंगठे उठवले. वाचून कोणी पाहिलं नाही. बहूजींच्या हिंदीवर गावाचा विश्वास होता.

संक्रांतीनंतर उत्तर आलं. ‘ग्रामवासियों की आपत्ति को देखते हुए प्रकरण बंद किया जाता है.’

“ऐसे कैसे?” विभावरी कडाडली. “आपत्ती आहेत म्हणूनच तर मागितलं.”

पटेलदादांचा चेहरा मात्र उतरला. गावातल्याच कोणीतरी चोरून विरोध केला, असं ते म्हणाले. विरोधाची गोष्ट कुठून निघाली ते तिला कळेना, पण संशय कोणाचा, हे तिला ताबडतोब कळलं. वाण्याचा ओटा रस्त्यावर आला होता. नवी वाट झाली असती तर तो गेला असता. त्या दिवसापासून तिनं वाण्याकडून मीठसुद्धा घेणं बंद केलं. तोवर रत्नाकर पाळीवर जाऊ लागला होता, आणि संध्याकाळी ट्रकचा आवाज आला की तिच्या हातातलं काम हातातच राही.

माघात पटेलदादांच्या मुलीची सोयरीक ठरली. विभावरी बायांमध्ये लाडू खात बसली होती. मुलाच्या काकांनी भरल्या बैठकीत विचारलं, “लड़की के मामा को कोई आपत्ति?”

मामाला बिचाऱ्याला कसलं संकट आलं, म्हणून ती बघू लागली. मामा गुटगुटीत होते. हात जोडून म्हणाले, “हमें भला क्या आपत्ति होगी? रिश्ता मंज़ूर है।”

विभावरीचा लाडू तोंडातच राहिला. संकट नव्हे. हरकत. विरोध. आणि आपण गावातल्या एकूणएक माणसाची हरकत, सह्यांनिशी, सरकारकडे पाठवली होती.

दुसरी एखादी तोंड लपवून बसली असती. विभावरी आधी वाण्याकडून मीठ घेऊन आली, मग पटेलदादांना सगळं सांगितलं, आणि मार्च संपायच्या आत शहरात जाऊन विकास अधिकारी हेमचंद्रजींपुढे उभी राहिली.

“फ़ाइल बंद हो चुकी है, बहनजी।”

“हमारी मराठी में आपत्ति माने संकट होता है, साहब। वैसे पढ़के देखिए।”

ते कागद उघडून पुन्हा वाचू लागले. म्हशीपाशी हसू दाबलं. नाल्याच्या काठावरच्या बायांपाशी हसू गेलं. मनगटापाशी थांबून त्यांनी वर पाहिलं. “ये आपके पति हैं?”

“रोज उसी रस्ते से जाते हैं।”

“बाक़ी गाँव तो बस इतना लिखते हैं कि सड़क ज़रूरी है,” ते म्हणाले. “ये पन्ने मैं औचित्य में, यानी काम क्यों ज़रूरी है उसमें, लगा देता हूँ। पर गाँव के मुँह से सुनना पड़ेगा।”

रविवारी जीप आली. पिंपळाखाली सगळा गाव बसला होता. हेमचंद्रजींनी नियमाप्रमाणे मोठ्यानं विचारलं, “किसी को कोई आपत्ति?”

विभावरीनं डोळे मिटले. गावाला तिनं चार वेळा पढवलं होतं की या प्रश्नाला नाही म्हणायचं. पण पटेलदादा उठून उभे राहिले.

“आपत्ति तो बहुत है साहब,” ते म्हणाले. “आप वाली नहीं, बहूजी वाली।”

वाण्यानं आपणहून ओटा तोडून देतो म्हणून सांगितलं, आणि हेमचंद्रजींनी सही केली.

पावसाळ्याच्या आधी वाट झाली. गाव राबला, रत्नाकरनं डाव्या हातानं मुरूम ओतला. ट्रक खालून जात, सायकली वरून. रात्रपाळी करून तो सकाळी आला, की सायकल भिंतीला टेकवायच्या आत आतून प्रश्न येई.

“काही आपत्ती?”

“कोई आपत्ति नहीं,” म्हणून तो हात धुवायला जाई. हे उत्तर तिनं रोज ऐकलं, आणि तरी रोज विचारलं.