तालमीतली थप्पड

बाईंनी सुनेचे केस मुठीत धरले, तिला सोफ्यापर्यंत फरफटत नेलं आणि तिच्या थोबाडीत ठेवून दिली. आवाज रिकाम्या रंगमंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तालीम बघणारे चौघे खूश झाले. दिग्दर्शक तर उठून उभाच राहिला.

"क्या बात है, बाई. अगदी खरी वाटली."

खरीच होती. बाईंचा तळवा चुरचुरत होता.

अठरा वर्षं बाईंनी टीव्हीवर खाष्ट सासू रंगवली. तीन सुना जिन्यावरून ढकलल्या, एकीला पेटवलं आणि त्याबद्दल दोन पुरस्कार घेतले. पण मालिकेतला मार सोपा. हात गालापासून वीतभर लांबून जातो, कॅमेरा ते अंतर गिळतो, आवाज मागाहून चिकटवतात. नाटकात हात दोन बोटांवरून न्यावा लागतो आणि टाळी मार खाणारीनेच गुपचूप वाजवायची असते. बाईंचा अंदाज नेमका त्या दोन बोटांनी चुकला.

नाटकातली सून ही बाईंची सख्खी सून होती. सासू-सुनेची जोडी जाहिरातीत बरी दिसते, असं निर्मात्याचं मत.

सून उठली. फुटलेला ओठ तिने आतून जिभेने चाचपला, तोंडातलं रक्त गिळलं आणि बाईंचा तळवा हातात घेऊन त्यावर फुंकर घातली.

"हात दुखला का, आई?"

बाईंनी हात काढून घेतला. हेच वाक्य त्या बावीस वर्षं नवऱ्याला म्हणत आल्या होत्या, याच हळू आवाजात. वेळेवर म्हटलं की दुसरी बसत नसे. तेव्हा मुलगा दाराआड उभा असायचा.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

सुनेने विस्कटलेले केस पुन्हा बांधले.

सहा वाजता मुलगा बायकोला न्यायला आला. थेट रंगमंचावर चढला, तिचा ओठ बघून हसला.

"आईने हाणली? चला, म्हणजे मी एकटाच वाईट नाही." त्याने तिचं कोपर आवळून धरलं. "चल, गाडी बाहेर आहे."

बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मार."

"कुणाला?"

"मला. दिवे लागलेत, माणसं बसलीत. मार की."

"बाई, हे संहितेत नाहीये," दिग्दर्शक खालून म्हणाला.

"आई, घरातलं घरात ठेव."

"तुझ्या बापालाही लोकांसमोर कधी जमलं नाही," बाई म्हणाल्या. "तिचा हात सोड. आणि माझ्या घराची किल्ली इथे ठेव."

त्याने मूठ उगारली. खालून चार खुर्च्या एकदम करकरल्या. मूठ तशीच हवेत राहिली, मग सैल झाली. त्याने किल्ली सोफ्यावर भिरकावली, वाटेतल्या स्टुलाला लाथ घातली आणि तो निघून गेला.

दिग्दर्शकाने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि खाली घेतले.

बाईंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. सुनेने तो अलगद बाजूला केला, किल्ली उचलली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"मी ओरडले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात," ती म्हणाली. "टीव्हीवर बहुतेक तुम्हीच असायचात."