‘स्थिर’ नावाचा शेरा

धम्मदीपला यात मिळणार होतं ते असं: नावापुढे ‘डायरेक्टर’, खिडकीची खोली, आणि गाड्यांचा विभाग बंद होताना घरी न बसण्याची खात्री. द्यायची होती फक्त एक सही. सौदा वाईट नव्हता. त्याच्या जागी आपणही निदान पेन शोधलंच असतं.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या कंपनीत तो विनाचालक गाडीला माणूस ओळखायला शिकवायचा. चालणारा, पळणारा, बसलेला. चार वर्षांपूर्वी नमुने कमी पडले, तेव्हा त्याने बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमालाच कॅमेरा लावला. पार्कमध्ये पांढऱ्या कपड्यांतली साठ माणसं गुडघे टेकून, हात जोडून वंदना करत होती. प्रत्येकावर त्याने शेरा मारला: ‘स्थिर’. म्हणजे हा माणूस एकदम चाकाखाली येणार नाही. पहिल्या रांगेतल्या बायकोला, संघमित्राला, त्याने कौतुकाने स्क्रीनही दाखवली होती.

मग परदेशातल्या युद्धांनी धंदा बदलला. तिकडे स्वस्तातले ड्रोन रणगाडे फोडू लागले, तसा शत्रू त्यांचा रेडिओ जॅम करू लागला. तेव्हा शेवटचा अर्धा मैल ड्रोनने स्वतःच बघून जायचं ठरलं. डोळे हवे होते. गाडीचे तयार होते; ते ड्रोनला बसवायला धम्मदीपची सही लागणार होती.

सहीआधी धम्मदीपने ड्रोनच्या लक्ष्यांची यादी उघडली. बॅटरी थोडी, म्हणून ड्रोन आधी कुणाकडे वळणार? ‘स्थिर’ माणसाकडे; तो हलत नाही, नेम चुकत नाही.

“गिरीश, अरे, गुडघे टेकून हात जोडलेला माणूस शरण आलेला असतो. माझ्या शेऱ्याने त्याचाच पहिला नंबर लागतोय. दोन आठवडे दे, वेगळा शेरा करतो.”

मॅनेजर गिरीश हसला. “यार, दोन आठवड्यांत तिकडे लढायची पद्धत बदलते. लोक गॅरेजमध्ये ड्रोन जोडतायत. नेक्स्ट व्हर्जनमध्ये टाकू ना, डायरेक्टरसाहेब!”

‘साहेब’ नेमका बसला. धम्मदीपने सही केली.

अकरा आठवड्यांनी आघाडीवरून क्लिप्स आल्या. त्या घरी उघडायच्या नसतात. त्याने डायनिंग टेबलवर उघडल्या. खंदकाशेजारी एक माणूस. त्याने वर पाहिलं, बंदूक लांब फेकली, गुडघे टेकले, हात जोडले. त्याच्याभोवती हिरवी चौकट आली, चौकटीवर शब्द आला. मग चित्रच संपलं.

“हात जोडले होते त्याने,” संघमित्रा मागून म्हणाली.

“तू कधी आलीस?”

“तो शब्द तुझाच ना? आमच्यावर लिहिलेला?”

“नेक्स्ट व्हर्जनमध्ये काढतोय आम्ही तो.”

“हे त्याला सांग.”

तर कंपनीला दुसरी, मोठी ऑर्डर मिळाली. गिरीश वरच्या मजल्यावर गेला. धम्मदीपच्या दारावर पाटी लागली. संघमित्रा आता वंदनेला खुर्चीवर बसते. गुडघे दुखतात, असं मंडळात सांगते. सौद्याची बाकी सगळी किंमत खंदकाशेजारच्या त्या माणसाने भरली, आणि क्लिपवर तारीख होती, वेळ होती, त्याचं नाव नव्हतं.