चौतीस शिक्के

कंडक्टरबाईंच्या तोंडात वरची कवळी होती, खालची नव्हती. ती गेल्या वर्षी धुताना हातातून निसटून फुटली. तेव्हापासून बाई अर्ध्या तोंडाने जेवत आणि पूर्ण तोंडाने बोलत. सरकारने म्हाताऱ्या पेन्शनरांना एकदाच म्हणून जादा मदत जाहीर केली, तेव्हा बाईंनी आकडा पेपरात वाचला, दातांच्या डॉक्टरला फोन करून खालच्या कवळीचा खर्च विचारला आणि दोन्ही आकडे जुळल्यावर आयुष्यात पहिल्यांदा सरकारला मनापासून आशीर्वाद दिला.

आशीर्वाद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी नाश्ता झाल्यावर चौतीसच्या चौतीस जणांना हॉलमध्ये बसवून समजावलं, की तुमचं राहणं-खाणं सरकारी पैशावर चालतं, तेव्हा ही मदतही संस्थेचीच. सगळ्यांची पासबुकं त्यांच्या लोखंडी कपाटात होतीच, कारण म्हातारी माणसं वस्तू हरवतात. आता पैसे काढायच्या स्लिपवर फक्त सही किंवा अंगठा हवा होता.

बाईंच्या शेजारी बसलेले मास्तर पुटपुटले, की पेपरात स्पष्ट छापलंय, हे पैसे ज्याचे त्याचे, संस्थेने राहण्या-खाण्यासाठी त्यांना हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या, मग मोठ्याने सांगा. त्यावर मास्तरांचा घसा बसला.

बाई उठल्या. एकतीस वर्षं बसमध्ये काढल्यामुळे रांग दिसली की त्या आपोआप तिच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहत. त्यांनी पावती मागितली.

"आजी, ही काय बस आहे?" व्यवस्थापक हसले.

"आजी नातवंडांची. तुमची मी कोणी लागत नाही. आणि बस असती तर पैसे घेणाऱ्याने तिकीट दिलं असतं."

हॉल खो खो हसला. व्यवस्थापकांना राग आला नाही, कारण त्यांच्याकडे गोल शिक्का होता आणि तो मारायला मिळाला की त्यांचा दिवस चांगला जाई. कागदावर शिक्का पडला की गोष्ट कायदेशीर होते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी पावतीपुस्तक काढलं. पैसे कशाचे तेही लिहा, असं बाईंनी सुचवल्यावर सुंदर अक्षरात 'निवास व भोजन खर्च' असं लिहिलं आणि चौतीस वेळा शिक्का हाणला. स्लिपांवर पहिली सही बाईंची होती.

"तुम्हीसुद्धा?" मास्तरांचा घसा आता मोकळा झाला होता. "मग कवळीचं काय?"

"फुकट्या माणूस स्टॉपवर उभा असताना पकडता येत नाही, मास्तर. त्याला आत चढू द्यावं लागतं."

बोलायला त्या बोलल्या खऱ्या, पण दुपारी चहात बुडवलेलं बिस्किट कपाच्या तळाशी गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. स्लिपा बँकेत गेल्या होत्या, आणि त्या गठ्ठ्यात त्यांचे दातही गेले होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडून गोळा केलेल्या चौतीस पावत्यांना रबर लावून, दोन बस बदलून बाई समाजकल्याण कार्यालयात पोचल्या. कारकुनाने सोमवारी यायला सांगितलं. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, की सीट न सोडणारी माणसं जन्मभर बघितली, आज स्वतः बसून बघते. तासाभरात कारकून कंटाळून अधिकारीबाईंना घेऊन आला.

अधिकारीबाईंनी आश्रमाची फाइल काढली. प्रत्येकाच्या राहण्या-खाण्याचे पैसे सरकार दरमहा आश्रमाला देतच होतं. त्या बिलांवरही तोच गोल शिक्का होता. त्यांनी बिल आणि पावती शेजारी ठेवली.

"एकाच जेवणाचे दोनदा पैसे," त्या म्हणाल्या. "लपवणारे पुष्कळ पाहिले, पण हा गृहस्थ पावती देतो."

आठवड्याच्या आत व्यवस्थापक हॉलमध्ये, शिक्के मारले होते त्याच टेबलाशी बसून ज्याचे त्याला पैसे मोजून देत होते. पासबुकंही परत द्या, असा लेखी हुकूम होता. त्या दिवशी त्यांनी शिक्का ड्रॉवरमधून काढलाच नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत आश्रमाने जिवाची चैन केली. मास्तरांनी रेडिओ घेतला आणि मोठ्याने लावला. बारा क्रमांकाच्या खोलीतल्या नणंद-भावजया टॅक्सी करून समुद्र बघायला गेल्या आणि भांडून दोन टॅक्सींनी परत आल्या. व्यवस्थापक बाईंना व्हरांड्यात गाठून म्हणाले, की बघा, सगळे उधळले, म्हणूनच मी सांभाळत होतो.

बाईंची नवी कवळी अजून नीट बसली नव्हती. बोलताना जराशी शीळ वाजे.

"साहेब, तुमच्या पगाराचं तुम्ही काय करता, हे मी कधी विचारलं?"

तेवढ्यात मास्तर आले. त्यांचं पासबुक हरवलं होतं. व्यवस्थापकांचा चेहरा दिवाळखोराला लॉटरी लागावी तसा उजळला. पण ते काही बोलायच्या आत बाईंनी त्यांच्या हातात टॉर्च दिला. आमच्यातल्या कोणाचेच गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मास्तरांच्या पलंगाखाली तुम्हीच जा, असं सांगितलं.

व्यवस्थापक रांगत आत शिरले. आधी एक मोजा बाहेर आला, मग चष्म्याची काडी, मग आतून आवाज आला की सापडलं.

"उघडून बघू नका," बाई म्हणाल्या. "तसंच मास्तरांच्या हातात द्या."